परवानगीची कापली

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीचं एक कार्ड आहे, मुलाने आधी सूत्रं लिहून आणायचं आणि शिक्षकांच्या परवानगीने परीक्षेत उघड समोर ठेवायचं. बडोद्यातल्याच एका शाळेतलं, उत्तरपत्रिकेला स्टेपलरने टोचलेलं, फिकट हिरव्या जाड कागदाचं. वर नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा जांभळा शिक्का. खाली निळ्या बॉलपेनने तीन गतिसमीकरणं, प्रत्येकाभोवती लाल चौकट, आणि अक्षर असं की फळ्याशेजारी लावून ठेवावं. उत्तरपत्रिकेतला चौथा प्रश्न असा: गाडी स्थिर अवस्थेतून निघते, तिचं त्वरण कोणत्याही क्षणी तोवर झालेल्या सेकंदांच्या सहापट असतं, तर तीन सेकंदांनंतर तिचा वेग किती? मुलाने लिहिलं ५४ मीटर प्रतिसेकंद. खरं उत्तर २७. तिसऱ्या सेकंदाचं त्वरण १८, ते पहिल्या समीकरणात (वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ) घातलं, तिनाने गुणलं, झाले ५४. समीकरण बिनचूक, गुणाकार बिनचूक, उत्तर नेमकं दुप्पट. ते समीकरण त्वरण स्थिर असेल तरच चालतं, आणि 'त्वरण स्थिर असेल तरच' हे चार शब्द कार्डावर नव्हते. जागा नव्हती म्हणावं, तर उजव्या कोपऱ्यात मुलाने एक फूल काढलेलं.

ते फूल काही डोक्यातून जाईना.

चुका काय, रोजच तपासतो आपण. पण ही चूक सूत्र हातात असताना झालेली होती. कार्ड नसतं तर 'सूत्र पाठ नाही, अभ्यास कमी' असा शेरा मारून कुणीही पुढचा गठ्ठा ओढला असता. कार्ड समोर असल्यामुळे ती पळवाट बंद झाली. सूत्र होतं, आणि तरीही येत नव्हतं. मग आजवर सूत्र 'येणं' म्हणून आपण जे तपासत आलो ते नेमकं काय होतं, हा प्रश्न मुलाकडून उठून शिक्षकाच्या खुर्चीत येऊन बसतो.

इकडे कॉपीच्या चिठ्ठीला सगळे कापलीच म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. मोज्यात, बाहीच्या दुमडीत, कंपासपेटीच्या झाकणाआड, पट्टीच्या मागच्या बाजूला. पुढे झेरॉक्सवाल्यांनी गाइडची पानं नखाएवढ्या अक्षरांत उतरवून द्यायला सुरुवात केली आणि मुलांना हाताने लिहायचेही कष्ट राहिले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत शाळेमागच्या भिंतीशी या मायक्रो झेरॉक्सचा खच पडलेला असायचा. कापलीपायी कुणाचं वर्ष गेलं, कुणाच्या वडिलांना मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. आणि आता शिक्षकच पाच दिवस आधी कोरं कार्ड हातात देतात: यावर लिही, परीक्षेला घेऊन ये. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात हे कानावर पडलं की आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवतात. "अरे, मग पाठ काय केलंस तू? बघून लिहायचं तर परीक्षा कशाला देतोस?" त्या पिढीने रामरक्षा, पावकी-निमकी, दिडकी सगळं तोंडपाठ केलेलं. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात बरंच तथ्य आहे, आणि कार्डाचा उत्साहाने पुरस्कार करणारे नेमकं तेवढंच विसरतात.

पुरस्कर्त्यांचा लाडका युक्तिवाद म्हणजे कार्ड बनवता बनवताच अभ्यास होतो, मग ते बघायची गरजच पडत नाही. ऐकायला फार गोड. स्वतः घडवलेली माहिती नुसत्या वाचलेल्या माहितीपेक्षा जास्त लक्षात राहते हे स्लॅमेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं, आणि तिथूनच हा युक्तिवाद उसना घेतला जातो. पण गाइडमधली चौकट बघून तशीच कार्डावर उतरवणं म्हणजे घडवणं नव्हे. खास परीक्षेतल्या कार्डांवरच केलेले प्रयोग तर उत्साहावर बरंच पाणी ओततात. अमेरिकेत डिक्सन आणि मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचं शीर्षकच मुळी 'अधिकृत कार्डांमुळे परीक्षेतली कामगिरी सुधारत नाही' असं आहे. २००८ मध्ये डिक्सन आणि बाऊर यांनी मुलांकडून कार्ड बनवून घेतलं, आधी कार्डाशिवाय प्रश्न सोडवून घेतले आणि मग तेच कार्डासह. कार्ड हातात असताना गुण वाढले, नुसतं बनवल्याने शिकणं वाढल्याचं दिसलं नाही. त्या प्रयोगांतल्या मानसशास्त्राच्या पेपरात जे झालं तेच प्रकाशकिरणांच्या गणितात होईल असं नाही, हे खरं. पण 'बनवलं की आलं' हे छातीठोकपणे सांगायला आधार नाही, एवढं कबूल करावं लागतं.

मग कार्ड द्यायचं कशाला? माझ्या मते त्याचा मोठा उपयोग मुलाला नाहीच. तो शिक्षकाला आहे. पण तिथे यायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी हे पाहू की परीक्षा घेणाऱ्यांनी पाठांतराचा हट्ट गुपचूप कधीच सोडलेला आहे. सीबीएसईच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात सुरुवातीलाच प्रकाशाचा वेग, प्लँकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि वस्तुमान, बोल्ट्झमानचा स्थिरांक, ॲव्होगाड्रोची संख्या छापून दिलेली असते. लॉगटेबल तर आपल्या आधीच्या पिढ्याही उघडपणे वापरत होत्या. तिला कुणी कापली म्हटलं नाही. सीबीएसईने २०१४ मध्ये नववी आणि अकरावीच्या वार्षिक परीक्षेत आधी दिलेल्या मजकुरावर आधारित, तो मजकूर समोर ठेवून सोडवायचे प्रश्नही आणले होते. ते काही वर्षांत गुंडाळलं गेलं. तिथे मजकूर बोर्डाने दिलेला होता, सगळ्यांना सारखाच. विद्यार्थ्याने स्वतः काय निवडलं हे त्यातून कळायचा प्रश्नच नव्हता. कार्डाचा सगळा जीव त्या निवडीत आहे.

निवड व्हायला जागा अपुरी पडली पाहिजे, पण फार अपुरीही नको. ए-फोर पान दिलं की मुलं धडाच उतरवून आणतात. ग्रंथालयाच्या तालिकेतलं कार्ड असतं ७.५ बाय १२.५ सेंटिमीटर, सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या बॉर्डनसाहेबांच्या पिढीतल्या ग्रंथपालांचा कारभार या आकारावर चाले, पण त्यांना एका कार्डावर एकच पुस्तक बसवायचं होतं. चार धड्यांची चाचणी त्यावर कोंबायला गेलं की अक्षर मुंगीएवढं होतं आणि परीक्षेत स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही. मधला सोयीचा आकार म्हणजे ए-सिक्स, १०५ बाय १४८ मिलिमीटर. एका ए-फोर कार्डशीटचे आडवे-उभे कापून बरोबर चार होतात, वाया काही जात नाही. वर नावाची पट्टी सोडली तर पाच मिलिमीटर अंतराने एका बाजूला साधारण २४ ओळी बसतात, दोन्ही बाजू मिळून ४८. चार धडे, म्हणजे धड्याला १२ ओळी. बाराव्या ओळीनंतर तेरावं काहीतरी आठवतं, मग काय खोडायचं यावर मूल पेन चावत बसतं. बसू द्यावं.

कागद १८० ते २१० जीएसएमचा घ्यावा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा. वहीचा ८० जीएसएमचा कागद दोन कारणांनी नडतो. एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला उमटते, आणि वर्गातला पंखा चारवर असला की कार्ड बाकाखाली उडून जातं, मूल वाकतं, सुपरवायझर धावत येतात. ३०० जीएसएमच्या वर गेलं की साधा स्टेपलर उत्तरपत्रिकेसकट त्याला टोचत नाही. गुळगुळीत आर्ट कार्ड टाळावं. पहिली परीक्षा ऑक्टोबरच्या उकाड्याच्या आसपास असते, घामेजलेला अंगठा जेल पेनवरून फिरला की ओळच्या ओळ निळी होऊन जाते. साधं मॅट कार्डशीट आणि बॉलपेन. दर परीक्षेला रंग वेगळा, आधी फिकट हिरवा, मग पिवळा, मग गुलाबी, म्हणजे मागचं कार्ड पुढे चालवता येत नाही. वाटण्याआधीच शिक्का आणि सही. लेखन स्वतःच्या हाताचं, छापील काही चिकटवायचं नाही. परीक्षा संपल्यावर उत्तरपत्रिकेला जोडून परत. हरवलं तर दुसरं कोरं कार्ड मिळेल, पण ते शिक्षकांच्या खोलीत बसून भरायचं. ज्याची दृष्टी अधू आहे किंवा हात सावकाश चालतो, त्याला ए-फाइव्ह द्यावं आणि त्याबद्दल वर्गात बोलू नये. सुपरवायझर दुसऱ्या विषयाचे असतील तर त्यांना आधी लेखी कळवून ठेवावं, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत तीन कार्डं जप्त होतात आणि वर्गात रडारड.

एवढं करूनही कार्ड कुठे बिघडतं ते सांगतो. पाच दिवसांची मुदत दिली की पहिल्याच संध्याकाळी कुठल्यातरी ट्यूशनचं 'रेडी कार्ड' व्हॉट्सॲपवर फिरू लागतं. अक्षर मुलाचंच, डोकं भलत्याचं. आया रात्री जागून सुवाच्य कार्ड लिहून देतात ते निराळंच. हुशार मुलाचं कार्ड घेऊन वर्गात दहा प्रती तयार होतात आणि त्यात त्याची एखादी चूक असली तर तीही दहा ठिकाणी उगवते. यावर हस्ताक्षर ओळखत बसणं हा उपाय नाही. कार्ड वर्गातच, शिक्षकांसमोर, दोन तासांत बनवून घ्यावं. पहिल्या तासाला वही आणि पुस्तक उघडं ठेवून कच्चं लिहायचं. दुसऱ्या तासाला पहिली २० मिनिटं शेजाऱ्याशी कच्च्या कागदाची अदलाबदल: त्याच्या कागदातली एक चूक आणि एक राहिलेली अट शोधायची. उरलेल्या वेळात पक्कं कार्ड. ही अदलाबदल म्हणजे या सगळ्या उद्योगातला सगळ्यात कसदार भाग. दुसऱ्याच्या सूत्रात चूक शोधायची तर ते सूत्र कुठून आलं याचा विचार करावाच लागतो, आणि दोन मुलं भिंगाच्या चिन्हावरून भांडायला लागली की शिक्षकाने मध्ये पडू नये.

शिक्षकाने पक्क्या कार्डातल्या चुका परीक्षेआधी सुधारून द्याव्यात का? मी म्हणेन, नको. सुधारून दिलं की ते शिक्षकाचं कार्ड झालं.

आता कार्डावर काय जायला हवं. नुसती सूत्रं लिहिणारं मूल त्या फूलवाल्यासारखंच अडकतं. प्रत्येक सूत्राशेजारी ते केव्हा चालतं, केव्हा नाही, आणि कुठल्या एककांत, हे तीन-चार शब्द हवेत. भिंगाचं उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे एफ, २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. कार्टेशियन चिन्हसंकेताने, म्हणजे प्रकाश येतो त्या बाजूची अंतरं उणे धरून, वस्तूचं अंतर उणे ३०. सूत्रात घातलं की प्रतिमा येते ६० सेंटिमीटरवर, भिंगाच्या पलीकडे, उलटी आणि दुप्पट. उणे चिन्ह विसरलं की उत्तर १२ येतं. १२ हा आकडा गणित म्हणून अगदी सज्जन दिसतो, म्हणूनच फसवतो. कार्डावर सूत्राखाली 'वस्तू एफ आणि दोन-एफच्या मध्ये, तर प्रतिमा दोन-एफच्या पलीकडे' एवढी ओळ असेल, किंवा दोन सेंटिमीटरची किरणाकृती असेल, तर १२ लिहिताना हात थांबतो, कारण दोन-एफ इथे ४० आहे. आरशाचं आणि भिंगाचं सूत्र तर शेजारी-शेजारीच लिहावं, एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे, दोन्ही चिन्हांना लाल गोल. वेगवेगळ्या बाजूंना लिहिलं की घाईत मूल जे पहिलं दिसेल ते उचलतं.

रसायनशास्त्रात हाच घोटाळा वायू स्थिरांकापाशी होतो. ८.३१४ आणि ०.०८२१, दोन्ही बरोबर, दोन्ही 'आर'. पहिला ज्यूलमध्ये, दुसरा लिटर-वातावरणात. एक मोल वायू, ३०० केल्विन, एक वातावरण दाब: दुसऱ्या आकड्याने घनफळ येतं २४.६ लिटर, पाण्याच्या मोठ्या जारपेक्षा थोडं जास्त. पहिला घातला की २,४९४ लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ अडीच टाक्या, आणि मूल शांतपणे त्याखाली दुहेरी रेघ मारतं. कार्डावर आकड्यासोबत एकक नसेल तर तो आकडा नसलेलाच बरा. याच्या उलट, चांगल्या कार्डाची एक खूण लॉगच्या जागी दिसते. कच्चं मूल एक ते दहापर्यंत सगळे लॉग उतरवतं. जाणतं मूल तीनच लिहितं: दोनचा ०.३०१०, तिनाचा ०.४७७१, सातचा ०.८४५१. चार, सहा, आठ, नऊ त्यातूनच निघतात, आणि पाच म्हणजे एकातून दोनचा वजा, ०.६९९०. सात ओळींची जागा मोकळी झाली, शिवाय लॉग म्हणजे काय ते कळल्याची पावती मिळाली ती वेगळीच.

आणि आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच द्यायला हवं. काही गोष्टी कार्डावर लिहायला बंदीच असावी. पहिल्या २० मूलद्रव्यांच्या संज्ञा, नेहमीच्या आयनांच्या संयुजा, किलो-मिली-मायक्रो-नॅनोचे घात, साइन आणि कॉसच्या ३०, ४५, ६० अंशांच्या किमती, आणि अर्थात पाढे. या डोक्यात नसतील तर कार्डसुद्धा वाचता येत नाही. मनात एका वेळी किती सुट्या गोष्टी धरून ठेवता येतात याला मर्यादा असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने (वरच्या अभ्यासातले मिलर वेगळे) १९५६ मध्ये ती साताच्या आसपास सांगितली, कोवनने २००१ मध्ये चाराच्या आसपास आणली. त्या चारांतली एक जागा सोडियमची संयुजा शोधण्यात गेली तर समीकरण कोण समतोल करणार? पाठांतर हवंच. फक्त कशाचं, हे ठरवायचं टाळून आपण सरसकट सगळंच पाठ करायला सांगत आलो.

खरी पंचाईत होते ती पेपर काढणाऱ्याची. कार्डाला परवानगी दिली की 'व्याख्या लिहा', 'सूत्र लिहा', 'नावे द्या' हे सगळे प्रश्न एका फटक्यात बाद. आपल्या ५० गुणांच्या चाचणीतले ते प्रश्न खोडून पाहावेत. कित्येक पेपरांत अर्ध्याच्या आसपास गुण उडतात, आणि हे पाहणं फारसं सुखाचं नसतं. जागी दुसरं आणायचं तर मेहनत पडते. 'ओहमचा नियम लिहा' काढून एका टॉर्चच्या बल्बची मोजमापं द्यावीत: १ व्होल्टला ०.१० अँपिअर, २ ला ०.१६, ४ ला ०.२४, ६ ला ०.३०. रोध दर वेळी किती? १०, १२.५, १६.७, २०. हा बल्ब ओहमचा नियम पाळतो का, आणि नसेल तर तारेत काय होत असावं? नियम कार्डावर असतोच, तापमान स्थिर असण्याची अट असते का ते उत्तरात कळतं. तसाच पीएचचा प्रश्न: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात मोल प्रतिलिटर, पीएच सांगा. सूत्रात घातलं की ८ येतो, म्हणजे आम्ल ओतून पाणी आम्लारिधर्मी झालं! पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की ६.९८. कार्डावर सूत्र असूनही ८ लिहिणारी मुलं पुष्कळ असतात, आणि ८ लिहून खाली 'हे शक्य नाही, काहीतरी राहिलं' असं लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देईन.

जीवशास्त्राच्या शिक्षकांची तक्रार असते की आमचा विषयच नावांचा, कार्ड दिलं की उरतं काय. उरतं. द्विसंकराची, म्हणजे दोन लक्षणं एकदम पाहणाऱ्या संकराची, १६० झाडं घ्या. मेंडेलच्या ९:३:३:१ या गुणोत्तराने ९०, ३०, ३०, १० यायला हवीत. तक्ता द्यावा ११२, ८, ८, ३२ असा. एकेक लक्षण सुटं धरलं तर १२० विरुद्ध ४०, तीनास एक अगदी चोख. दोन्ही एकत्र धरली की गणित कोसळतं. का? कार्डावर ९:३:३:१ लिहिलेलं असतं, ते इथे कामाला येत नाही, आणि जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळ असली तर काय होईल याचा विचार सुरू होतो.

बडोद्यातल्या मुलांची कार्डं वाचायला वेगळीच मजा येते. पेपर इंग्रजीत, वर्गातली कुजबुज गुजरातीत, घर मराठी. कार्डावर तिन्ही लिप्या शेजारी नांदतात: सूत्र इंग्रजीत, कडेला गुजरातीत बाण आणि कोपऱ्यात मराठीत 'विसरू नको गाढवा'. एका कार्डावर रंगपटाजवळ रंगांचा क्रम लक्षात ठेवायच्या दोन्ही किल्ल्या होत्या, आपली 'तानापिहिनिपाजा' आणि त्याखाली गुजराती 'जानीवालीपीनारा'. आपली तांबड्यापासून जांभळ्याकडे जाते, त्यांची जांभळ्यापासून रात्याकडे, म्हणजे राता हाच आपला तांबडा. मुलीने आपल्या किल्लीवर उजवीकडे बाण काढून 'तरंगलांबी कमी, अपवर्तन जास्त' लिहिलेलं आणि गुजराती किल्लीवर तोच बाण उलटा. दोन घरांची दोन पाठांतरं एकमेकांना छेद देतात हे तिला कार्ड लिहितानाच दिसलं असणार. असलं काही कुठल्याही ट्यूशनच्या रेडी कार्डात सापडणार नाही.

आणि म्हणून म्हणतो, कार्डाचा खरा वाचक शिक्षक. ४० मुलांच्या वर्गाची कार्डं एका तासात चाळून होतात, दर कार्डाला दीड मिनिट. गुण द्यायचे नाहीत, फक्त खुणांचा तक्ता करायचा. कोणती ओळ जवळपास सगळ्यांकडे आहे, कोणती फक्त तिघांकडे. सगळ्यांकडे असलेल्या ओळी पाहिल्या की बहुधा लक्षात येतं की त्या आपण फळ्यावर 'आयएमपी' म्हणून चौकटीत लिहिल्या होत्या. महत्त्वाच्या होत्या म्हणून नव्हे, आपण चौकट केली म्हणून त्या तिथे आल्या. गतिसमीकरणांना लाल चौकट मुलाने कुठून आणली हे मग शोधावं लागत नाही. स्थिर त्वरणाची अट तोंडी सांगितली असेलही, एकदा, घंटा वाजता वाजता. ४० पैकी किती कार्डांवर ती उतरली, तो आकडा शिक्षकाच्या तासाचा निकाल. मुलाच्या उत्तरपत्रिकेत तो असा उघडा पडत नाही, कारण तिथे आळस, घाई, भीती सगळं मिसळलेलं असतं. कार्ड शांतपणे, पुस्तक समोर ठेवून लिहिलेलं असतं. तिथे जे राहिलं, ते महत्त्वाचं आहे हे मुलाला कुणी पटवलंच नव्हतं.

हे वाचन अप्रिय असतं. कार्डाचा प्रयोग करणाऱ्या बऱ्याच शाळांत कार्डं गोळा होतात, स्टेपल होतात आणि गठ्ठ्यात जातात. तपासायला उत्तरपत्रिका पुरे झाल्या, अजून हे कुठे. तसं असेल तर कार्ड देऊच नये. नुसते गुण वाढवायचे तर पेपर सोपा काढणं जास्त सोयीचं.

राहिला बोर्डाचा प्रश्न, आणि तो पालक पहिल्याच सभेत विचारतात. बोर्डात कार्ड चालत नाही. गुजरात बोर्डाच्या बारावी विज्ञानात तर पहिल्याच तासाला ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, ५० बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे कार्ड असतं तरी बघायला वेळ मिळाला नसता. म्हणून सवय लावायची तशी ती मोडायचीही आधीच ठरवून ठेवावी. पहिल्या चाचणीला ए-सिक्स, दोन्ही बाजू. दुसरीला एकच बाजू, पण धडे तेवढेच किंवा जास्त. तिसरीला अर्धं कार्ड, १०५ बाय ७४, एकाच बाजूने, म्हणजे दहा-बारा ओळी. प्रिलिमला काहीच नाही. आकार कमी करताना मुलांना मागची स्वतःची कार्डं परत द्यावीत, त्यावरून छाटणी करू द्यावी. आधी स्थिरांक जातात, कारण ते एव्हाना आपोआप पाठ झालेले असतात. मग लांबलचक सूत्रं जातात, कारण ती दुसऱ्या सूत्रातून काढता येतात हे कळलेलं असतं. शेवटच्या दहा ओळींत ज्यांनी चिन्हं, एककं आणि अटी ठेवल्या त्यांची फारशी काळजी करू नये. ज्यांनी अटी खोडून सूत्रं ठेवली, त्यांची नावं बाजूला काढावीत, आणि प्रिलिमच्या आधी प्रत्येकाला त्याचंच एक सूत्र दाखवून विचारावं, हे केव्हा चालत नाही ते सांग.